काळ्या पट्टीखालचा मजकूर

(तक्रारी हाताळणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘गोपनीयता’ असा जाडजूड विषय लिहिला आहे. मी मात्र एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द आहे ‘रिडॅक्ट’. हसू नका. या एका शब्दाने आमचे दोन महिने खाल्ले आणि एका बाईचं अपील जवळजवळ बुडवलं.

झालं असं, की एका खाजगी संस्थेत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या बाईने आपल्या वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. अंतर्गत समिती बसली, चौकशी झाली, तक्रार सिद्ध होत नाही असा निष्कर्ष निघाला. बाईच्या हातात अहवालाची प्रत पडली ती एकोणीस पानांची. त्यातल्या अकरा पानांवर काळे पट्टे. पहिल्या पानावर इंग्रजीत शिक्का, ‘रिडॅक्टेड कॉपी’. ती प्रत घेऊन बाई आमच्या केंद्रावर आली. तिथली कार्यकर्ती नवी होती, पण मन लावून काम करणारी. तिने कपाटातला जुना शब्दकोश काढला. त्यात अर्थ दिला होता, संपादन करणे, प्रसिद्धीसाठी मजकूर सिद्ध करणे. तिने बाईला समजावलं, “ही नीटनेटकी करून दिलेली प्रत आहे. काळं केलंय ते चुकलेलं असणार.”

बाई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या बाजूनं जी बोलली तिचं बोलणं चुकलं म्हणायचं का, ताई? तिचं पान तर सगळंच काळं आहे.”

कार्यकर्तीचा दोष नव्हता. शब्दकोशाचाही नव्हता. शब्दच मधल्या काळात कूस बदलून झोपला होता.

‘रिडॅक्ट’ हा मुळात लॅटिन शब्द. त्याच्या पोटात हाकण्याचं क्रियापद आहे. परत हाकून आणणं, पांगलेलं एका जागी करणं. गुरं वळवून गोठ्यात आणावीत तसं. इंग्रजीत तो आला तो विखुरलेलं लेखन एकत्र करणं, त्याला लेखी रूप देणं या अर्थाने. पुढे त्याला संपादनाचा अर्थ चिकटला. जर्मन भाषेत आजही वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागाला ‘रेडाक्त्सिओन’ म्हणतात. बायबलचा अभ्यास करणारे विद्वान वेगवेगळ्या परंपरांमधल्या कथा एकत्र गुंफणाऱ्या अज्ञात हातांना ‘रिडॅक्टर’ म्हणतात. म्हणजे एकेकाळी हा शब्द जुळवाजुळव करणाऱ्याचा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या कोर्टांच्या आणि सरकारी दप्तरांच्या भाषेत त्याचा रोख पालटला. कागद बाहेर देण्याआधी त्यातला काही भाग झाकायचा, याला रिडॅक्ट म्हणू लागले. आता तोच अर्थ मुख्य झाला आहे. आपल्याकडे कंपन्या, कोर्टं, सरकारी खाती यांच्या कागदांत तो येतो तो याच अर्थाने.

त्याच्या शेजारपाजारचे शब्दही एकदा बघून घेऊ, कारण आपल्या हातात येणाऱ्या कागदांत ते सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असतात. ‘अमेंड’ म्हणजे मूळ मजकूरच बदलणं. कायद्यात दुरुस्ती होते तेव्हा जुनं कलम जातं, नवं येतं आणि ते सगळ्यांसाठी. ‘एक्सपंज’ म्हणजे नोंदीतूनच काढून टाकणं. विधानसभेत एखादा आमदार बायकांबद्दल काही बरळतो आणि अध्यक्ष म्हणतात, हे कामकाजातून काढून टाका, ते हे. ‘एडिट’ आपल्याला माहीतच आहे. आपल्या अंकाची संपादक मैत्रीण माझ्या लांबलचक वाक्यांना कात्री लावते, ते एडिट.

रिडॅक्टची गंमत अशी, की त्यात मूळ प्रत शाबूत असते. कुणाच्या तरी कपाटात, कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर ती अक्षरन् अक्षर आहे. झाकलेली आहे ती फक्त तुम्हाला दिलेली प्रत. म्हणून असा कागद हातात आला की पहिला प्रश्न ‘काय खोडलंय’ हा विचारू नका. तो नंतर विचारू. पहिला प्रश्न, मूळ कागद कुणाकडे आहे? दुसरा, पट्टी कुणी मारली आणि कुठल्या अधिकाराने?

मराठीत याला काय म्हणावं? ‘संपादित प्रत’ म्हणाल तर आमच्या कार्यकर्तीसारखी गत होईल. ‘मजकूर झाकलेली प्रत’ असं सरळ म्हणावं असं मला वाटतं. गंमत म्हणजे हे काम आपल्याकडे फार जुनं आहे. हाताने पोथ्या लिहीत तेव्हा चुकलेल्या अक्षरांवर हरताळ नावाचा पिवळा खनिज रंग फासत. त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. आपण म्हणतो ना, सरकारने आश्वासनांना हरताळ फासला. त्या वेळचा लेखनिक आपली चूक झाकत होता. आज झाकणारा बहुतेक वेळा दुसऱ्याचं खरं झाकत असतो, एवढाच फरक.

त्या बाईच्या प्रकरणाकडे परत येते. संस्थेने पट्ट्या मारल्या त्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ चा आधार सांगून. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा, तोच. कलम १६ सांगतं की तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, आरोपी आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशीचा तपशील, हे काहीही लोकांत, वर्तमानपत्रांत, माध्यमांत जाऊ द्यायचं नाही. चांगलंच आहे. पण तक्रार करणारी बाई म्हणजे ‘लोक’ आहे का? ती त्या चौकशीतली पक्षकार आहे. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत समितीने मालकाला अहवाल द्यायचा आणि तो संबंधित पक्षांना उपलब्ध करायचा. पट्टी मारून द्या असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. आणि कलम १८ प्रमाणे अपील करायला शिफारशींपासून नव्वद दिवस. आमची दोन पत्रं, त्यांचं एक उत्तर, वकिलीणबाईंचं तिसरं पत्र, यात दोन महिने उलटले. मग पूर्ण प्रत मिळाली.

पट्ट्यांखाली काय होतं? एका सहकारी बाईची साक्ष, आमच्या बाईच्या बाजूची. आणि त्याच माणसाविरुद्ध आधी एक तोंडी तक्रार झाली होती, याचा समितीच्याच अध्यक्षांनी केलेला उल्लेख. निष्कर्षात मात्र ‘पुष्टी देणारा पुरावा नाही’ असं लिहिलेलं. अपील दाखल झालं तेव्हा सोळा दिवस उरले होते.

एक लक्षात ठेवा. कलम १६ मोडल्याबद्दल दंड सांगितला आहे तो कलम १७ मध्ये, आणि तो तक्रार हाताळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवली आहे त्यांना. बऱ्याच कचेऱ्यांत बाईला दम दिला जातो, बाहेर बोललीस तर तुझ्यावरच कारवाई होईल. त्या वेळी कलम १७ उघडून त्यांच्यासमोर ठेवा. शिवाय, पीडितेची आणि साक्षीदारांची ओळख उघड न करता मिळालेल्या न्यायाची माहिती देता येते, हे कलम १६ च्याच शेवटी लिहिलेलं आहे. ती ओळ सहसा कुणी वाचून दाखवत नाही.

आता नावांबद्दल. ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातून सुरू होते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, नागपूरच्या उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यातून देशभर मोर्चे निघाले, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. त्या सगळ्यातून १९८३ ची कायदादुरुस्ती आली. भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आलं. बलात्कारित स्त्रीची ओळख छापली तर दोन वर्षांपर्यंत कैद. बंद दाराआड सुनावणीची तरतूदही त्याच वेळची.

म्हणजे बघा. ज्या मुलीच्या प्रकरणाने नाव झाकण्याचा कायदा आणला, तिचं नाव मात्र आपण सगळ्यांनी घोषणांत घेतलं, फलकांवर लिहिलं, पुस्तकांत छापलं. मीही घेतलं आहे, घसा बसेपर्यंत. आज या भाषणात मी ते घेतलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्हाला ते ठाऊक आहे, म्हणून माझ्या झाकण्याने काहीच झाकलं जात नाही. तरी घेणार नाही. तिला कुणी विचारलं होतं, की तुझं नाव आम्ही प्रकरणाला देऊ का? खटल्याच्या शीर्षकात हवालदाराचं नाव आहे. ते शीर्षक कुणाला आठवत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल तेवढंच.

२२८-अ मध्ये एक फट होती. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे निकाल छापणं हा गुन्हा नाही, असं स्पष्टीकरण त्यात होतं. म्हणजे वर्तमानपत्राने नाव छापलं तर कैद, न्यायमूर्तींनी निकालपत्रात लिहिलं तर काही नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की निकालांत नाव न लिहिणंच योग्य, ‘पीडिता’ म्हणावं. पुढे ११ डिसेंबर २०१८ चा निपुण सक्सेना खटल्याचा निकाल आला. तो प्रत्येक केंद्राने मराठीत करून भिंतीवर लावावा असा आहे. त्यात सांगितलं आहे की नुसतं नाव नव्हे, ओळख पटू शकेल असा कुठलाही दूरचा तपशीलही देऊ नये. अशा गुन्ह्यांचे एफआयआर सार्वजनिक करू नयेत. पोलिसांनी नाव असलेली कागदपत्रं शक्यतो सीलबंद ठेवावीत, आणि जी कागदपत्रं लोकांच्या नजरेस पडणार त्यांत तशीच पण नाव काढलेली प्रत लावावी. रिडॅक्ट या शब्दाचा याहून नेमका वापर मला दुसरा दाखवता येणार नाही. मूळ सुरक्षित, प्रत झाकलेली, आणि झाकली आहे ती तिच्यासाठी.

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. आता हे कलम ७२ झालं आहे. अर्ज लिहिताना जुना आकडा टाकू नका. मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ वेगळं आहे, तेही पाठ असू द्या.

यात एक मुद्दा आपण विसरतो. कायदा झाकतो ती पीडितेची ओळख. आणि प्रौढ, जिवंत, भानावर असलेली बाई स्वतः लिहून देऊन आपलं नाव उघड करू शकते. हा तिचा हक्क कलमात आहे, आणि निपुण सक्सेना निकालातही तो मान्य केला आहे. नातेवाईक तिच्या वतीने तो सहज वापरू शकत नाहीत. मृत मुलीचं नाव जाहीर करायचं तर आईबापांनाही सत्र न्यायाधीशांकडे जावं लागतं. मला स्वतःला हे शेवटचं कठोर वाटतं. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेतल्या मुलीच्या आईने २०१५ मध्ये भर सभेत लेकीचं खरं नाव घेतलं. लाज आम्हाला का वाटावी, असा तिचा रोख होता. त्या आईला मी चूक म्हणू शकत नाही. कोर्टाचंही म्हणणं मला कळतं, की लढ्याला प्रतीक हवं म्हणून नाव लागतंच असं नाही. माझं मन या दोन्हींच्या मध्ये अडकलेलं आहे. तुमचं मत मला नंतर ऐकायचं आहे.

काही वेळा झाकलेलं असतं, पण पट्टी दिसतच नाही. १९९७ चा विशाखा निकाल काढून वाचा. आपल्या सगळ्या कामाचा पाया. तो ज्या घटनेमुळे आला ती १९९२ ची, राजस्थानातल्या भटेरी गावची. भंवरी देवी, कुंभार जातीची, सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमातली साथिन. बालविवाह थांबवायला गेली म्हणून गावातल्या वरच्या जातीच्या पुरुषांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. तिने आपलं नाव कधी लपवलं नाही. पण निकालपत्रात तिच्यावर जेमतेम दोन वाक्यं आहेत. राजस्थानातल्या एका खेड्यातली एक समाजसेविका, तिचं प्रकरण वेगळं चालू आहे, त्याचा आणखी उल्लेख करायची गरज नाही, अशा आशयाची. नाव नाही, जात नाही, बालविवाह नाही, आणि ती सरकारी काम करताना हे घडलं हेही ठळकपणे नाही. १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं होतं. निकालाने कोट्यवधी नोकरदार बायकांना हक्क दिला आणि जिच्यामुळे दिला तिची जात झाकली गेली. ज्या अत्याचारामागे जात आहे, त्यात जात हा ओळखीचा ‘तपशील’ नसतो, ते गुन्ह्याचं कारण असतं. दलित मैत्रिणी हे गेली कित्येक वर्षं आपल्याला सांगत आल्या आहेत आणि आपण आपल्या अहवालांत ‘गोपनीयतेसाठी’ जात गाळत आलो आहोत.

केरळचं ताजं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोचीत एका अभिनेत्रीला गाडीत पळवून तिच्यावर अत्याचार झाला. त्यानंतर मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांनी विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह ही संघटना काढली आणि सरकारकडे चौकशीची मागणी केली. निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा, अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सलाकुमारी यांची समिती नेमली गेली. समितीने ३१ डिसेंबर २०१९ ला अहवाल दिला. तो लोकांसमोर आला १९ ऑगस्ट २०२४ ला. साडेचार वर्षांहून जास्त काळ अख्खा अहवालच झाकलेला होता! सरकारचं कारण ठरलेलं, साक्ष देणाऱ्या बायकांची गोपनीयता. शेवटी माहिती अधिकारात पत्रकार राज्य माहिती आयोगाकडे गेले. आयोगाने सांगितलं, ओळख पटवणारा भाग झाका आणि बाकीचा द्या. मग २३३ पानं बाहेर आली. त्यातही आयोगाने सांगितलं त्याहून जास्त मजकूर सरकारने काढला, अशी तक्रार झाली.

यातला धडा मला दुहेरी वाटतो. काळ्या पट्टीला आपण शिव्या देतो, पण इथे पट्टीमुळेच अहवाल बाहेर आला. ‘झाकून द्या’ हा आदेश ‘देऊच नका’ याला उत्तर होता. आणि बाहेर आल्यावर काय झालं? झाकलेल्या पानांची वाट न पाहता कितीतरी जणी स्वतःच्या नावाने बोलायला लागल्या. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. कलाकारांच्या संघटनेच्या कार्यकारिणीने राजीनामा दिला.

आपल्या कामात हीच वाट २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. कागदाचा काही भाग देता येत नसेल तर तेवढा वेगळा काढून उरलेला द्यावा लागतो. आणि नुसता काळा करून नाही. सोबत जन माहिती अधिकाऱ्याने लेखी कळवायचं असतं, की अर्धवट प्रत देत आहोत, कारण हे, निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि पद हे, आणि तुम्हाला अपील इथे करता येईल. तुमच्यापैकी किती जणींना काळ्या पट्ट्यांसोबत असं पत्र मिळालं आहे? (हात वर झाले नाहीत.) तेच म्हणते मी. ते पत्र मागा. पट्टी मारणाऱ्याला सही करावी लागली की पट्ट्यांची लांबी आपोआप कमी होते, असा माझा अनुभव आहे.

पण वारं उलट्या दिशेने वाहतंय हेही सांगायला हवं. कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी ‘वैयक्तिक माहिती’ नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खाजगीपणावर विनाकारण घाला पडतो, हे दाखवावं लागे. शिवाय जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुणालाच नाकारता येणार नाही, असंही होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे सगळं काढून ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. रेशनच्या यादीत नावं असतात, रोजगार हमीच्या हजेरीपटात नावं असतात. सह्याही असतात. आपल्या बायकांनी खोटे अंगठे पकडले ते या नावांवरून. आता कुणीही साहेब म्हणेल, ही वैयक्तिक माहिती आहे. कलम ८(२) अजून शिल्लक आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जात त्याचा उल्लेख करायला विसरू नका.

मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२१ मध्ये लैंगिक छळाच्या प्रकरणांसाठी नियम घालून दिले. निकालात पक्षकारांची नावं लिहायची नाहीत, ‘अ विरुद्ध ब’ असं लिहायचं. हे ठीक. पण सुनावणी बंद दाराआड, निकाल सर्वांसमोर वाचायचा नाही, परवानगीशिवाय त्याबद्दल माध्यमांकडे बोलायचं नाही, असंही त्यात होतं. तिचं नाव झाकता झाकता तिचं तोंड कधी झाकलं जातं, ते अशा वेळी कळत नाही.

आता थोडं घरचं. आम्ही फार वर्षांपूर्वी केंद्रातल्या प्रकरणांची एक पुस्तिका काढली. सगळी नावं बदलली, मागे तसं छापलंही. एका गोष्टीत मात्र लिहिलं, नवरा एस.टी.त कंडक्टर, सासर आठवडी बाजाराच्या गावात, बाईला जुळ्या मुली. झालं. तिच्या दिराने ती पुस्तिका एका मेळाव्यातून नेली आणि ओसरीवर बसून घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवली. बाई दुसऱ्या आठवड्यात आली. भांडायला आली असेल असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, “नाव बदललंत ते कशाला? जुळ्या मुली बदलायच्या होत्या.”

यापेक्षा नेमकं मला कुठल्या निकालात सापडलेलं नाही. नाव ही ओळखीची सगळ्यात लहान गोष्ट. गावात अंगणवाडी सेविका एकच असते. अमुक पाड्यावरची विधवा एकच असते. म्हणून अहवाल लिहिला की तो त्या गावच्या माणसाच्या डोळ्यांनी वाचून बघा. पुण्यामुंबईच्या वाचकाच्या नको.

आणि याच्या उलटही घडलं आहे. वर्तमानपत्राला द्यायच्या पत्रकात आम्ही एका बाईचं नाव गाळून ‘एक पीडित महिला’ लिहिलं. तिच्यावर बलात्काराचा प्रकार नव्हता, नवऱ्याने घराबाहेर काढलं होतं आणि तिने दारात बसून हक्क मिळवला होता. ती खवळली. “चोरी त्यानं केली. त्याचं नाव छापलंत. माझं का खोडलं? बसले कोण तिथं अकरा दिवस?” तिला विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. तेव्हापासून आमच्या तक्रार-अर्जाच्या शेवटी एक ओळ आहे, ‘माझं नाव: द्यावे / देऊ नये / नंतर विचारावे.’ सगळ्यात जास्त खुणा तिसऱ्यावर होतात.

शेवटी हाताचं काम. मार्करने काळं केलेला कागद उजेडासमोर धरा, अक्षरं दिसतात. व्हाइटनरचंही तेच. कागदाची पट्टी चिकटवून झेरॉक्स काढा आणि ती झेरॉक्स द्या, चिकटवलेली प्रत नव्हे. मोबाइलमध्ये फोटोवर पेनाने रेघ ओढता ती बहुतेक वेळा अर्धपारदर्शक असते, उजेड वाढवला की खालचं वाचता येतं. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तरी खालची अक्षरं कॉपी होऊ शकतात. त्यापेक्षा छापून, झाकून, पुन्हा स्कॅन करा. फाइलच्या नावात बाईचं नाव नको. ही चूक फार होते. नावाच्या लांबीएवढी पट्टी मारू नका, ओळच झाका. आद्याक्षरं वापरू नका, ‘तक्रारदार’, ‘साक्षीदार १’ असं लिहा. आणि एका वेगळ्या वहीत लिहून ठेवा, कुठल्या प्रतीत काय झाकलं, कुणी झाकलं, का, आणि बाईला विचारलं होतं का. ती वही कुलपात.

तुम्हाला आणायला सांगितलेल्या जुन्या अहवालांच्या झेरॉक्स आता बाहेर काढा. पाच-पाच जणींचे गट करा, पण आपल्या तालुक्याची फाइल आपण घेऊ नका, शेजारच्या गटाला द्या. कात्र्या, पांढरा कागद आणि डिंक त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आहे. अर्धा तास. मग ज्यांचं गाव आहे त्यांनी वाचून सांगायचं, कोण ओळखू आलं ते.